परसातली खोली

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपल्याकडे म्हणतात. पोटासाठी गाव सोडून आलेल्या माणसाला तेवढीही सोय नसते. त्याचे बिऱ्हाड बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी परसात असते. आता पन्नाशी ओलांडलेल्या माझ्या पिढीतली हुबळी-धारवाडकडची कितीतरी मराठी कुटुंबे अशा परसातल्या खोल्यांत वाढली. मी त्यांतलाच एक. हुबळीच्या विद्यानगरात एका कानडी कुटुंबाच्या घरामागे मंगळुरी कौलांच्या दोन खोल्या होत्या. अंगणात एक सामाईक नळ, कोपऱ्यात संडास, आणि पेरूचे एक झाड. तिथेच माझे शालेय शिक्षण झाले. पुढे इतिहास विषय घेऊन एम. ए. झालो. तीस वर्षे मुलांना राजवटी, लढाया आणि तह शिकवले. पण ज्या दोन खोल्यांनी मला वाढवले, त्यांचा इतिहास कुठल्या पुस्तकात वाचायला मिळाला नाही. महानगरपालिकेच्या नकाशातही त्या खोल्या नव्हत्या.

शहराने घरांसाठी काय केले, असा प्रश्न निघाला की आपण मंडळाच्या वसाहती, प्राधिकरणाचे भूखंड आणि सरकारी योजना यांची यादी सांगतो. ती यादी खोटी नाही. पण हुबळी-धारवाडसारख्या शहरात बाहेरून आलेला विद्यार्थी, कारकून, परिचारिका किंवा दुकानातला नोकर पहिल्या दिवशी कुठे राहिला, हे त्या यादीतून कळत नाही. तो कुणाच्या तरी मागच्या खोलीत राहिला. आपली धोरणे आजवर ‘घर’ मोजत आली, आणि शहर मात्र खोल्यांनी वसवले. या एका विसंगतीचा माग या लेखात काढायचा आहे.

बिऱ्हाड आणि बिडार

आपण सीमाभागातले लोक दोन भाषांत जगतो, म्हणून आधी शब्दांकडे पाहू. मराठीत बिऱ्हाड, कानडीत बिडार. मराठीत भाडे, कानडीत बाडिगे. आपले परस म्हणजे त्यांचे हित्तल. घर देण्याघेण्याचा व्यवहार दोन्ही भाषांनी एकाच अंगणात केला असला पाहिजे. एरवी शब्द इतके शेजारी राहिले नसते.

जुन्या हुबळीत दुर्गदबैल, दाजीबान पेठ, घंटीकेरी या भागांतून हिंडताना जुन्या घरांची ठेवण अजून कुठे कुठे दिसते. पुढे दुकान किंवा पडवी, मग सोपा, माजघर, स्वयंपाकघर, आणि शेवटी परस. कुटुंब वाढले की मागे एक खोली वाढे. कुटुंब आटले की तीच खोली बिऱ्हाडकरूला मिळे. गरीब विद्यार्थी एका घरी झोपे आणि वार लावून सात घरी जेवे. घराचा आकार माणसांच्या संख्येप्रमाणे ताणला आणि आवरला जाई. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नसे.

हुबळीची नगरपालिका १८५५ ची आणि धारवाडची १८५६ ची. पहिली पंचवीस-तीस वर्षे त्यांचे लक्ष रस्ते, दिवे, विहिरी आणि झाडलोट यांवर राहिले. मग रेल्वे आली. सदर्न मराठा रेल्वेचे मुख्य कार्यालय धारवाडात होते. आज ज्या इमारतीत कर्नाटक कॉलेज भरते तीच ती इमारत. हुबळीत १८८५ च्या सुमारास रेल्वेचा कारखाना सुरू झाला. रेल्वेने आपल्या नोकरांसाठी क्वार्टर्स बांधल्या, पण कारखान्याच्या भोवती जे गाव वाढले, त्यातले हमाल, फेरीवाले, खानावळवाले आणि शिकाऊ कामगार यांना क्वार्टर मिळण्याचा प्रश्नच नव्हता. ते पेठांतल्या आणि ओण्यांतल्या घरांत शिरले. कानडीत गल्लीला ओणी म्हणतात, हे सीमाभागातल्या वाचकाला सांगायला नको.

प्लेगने दिलेली मोकळी जागा

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये त्याने हुबळीला गाठले. हाफकिन यांची लस मोठ्या प्रमाणावर टोचण्यात आली, त्या गावांत हुबळीचे नाव ठळक आहे. लोक घरे सोडून रानात झोपड्या घालून राहिले. दाट घर म्हणजे रोगाचे घर, ही समजूत त्या वर्षांत सरकारच्या मनात पक्की बसली. मुंबईत १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १९१५ मध्ये मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा झाला, तो देशातला त्या प्रकारचा पहिला. धारवाड जिल्हा त्या वेळी मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे या विचाराची सावली आपल्याकडेही पडली. भूखंड आखून द्यावेत, प्रत्येकावर एक घर असावे, पुढे-मागे आणि दोन्ही बाजूंना हवा-उजेडासाठी जागा मोकळी सोडावी, हा नियम पुढच्या शंभर वर्षांचा पाया झाला. आज आपण त्याला ‘सेटबॅक’ म्हणतो.

या नियमाची थट्टा करण्याचे कारण नाही. ज्यांनी प्लेग पाहिला त्यांनी तो केला. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली होती: एका भूखंडावर एक कुटुंब राहील, आणि ते कुटुंब कायम तेवढेच राहील. परसातली ती मोकळी जागा कागदावर हवेसाठी होती. प्रत्यक्षात तीच जागा पुढे येणाऱ्या दुसऱ्या कुटुंबाची वाट पाहत होती.

याच सुमारास दुसरा एक प्रवाह सुरू झाला, आणि त्याचा उगम आपल्याच भागात आहे. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर देशातली पहिली शेतकी पतसंस्था १९०५ मध्ये गदग तालुक्यातल्या कणगिनहाळ या गावी निघाली. गदग तेव्हा धारवाड जिल्ह्यात होते. दहा वर्षांनी, १९१५ मध्ये, मुंबईत गामदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. देशातल्या सहकारी गृहनिर्माणाचा आरंभ तिथून मानतात. तिच्यामागे श्रीपाद सुब्बराव तालमकी यांचे नाव आहे. कानडा जिल्ह्यातून नोकरीसाठी मुंबईला गेलेल्या मध्यमवर्गाची राहण्याची सोय व्हावी, हा तिचा हेतू. एकट्याला न परवडणारे छप्पर दहाजणांनी मिळून उभारावे, ही कल्पना पुढे गावोगाव पसरली. स्वातंत्र्यानंतर नोकरदार माणूस स्वतःच्या घराचे स्वप्न पाहू लागला, ते सहकारी संस्था आणि सरकारी कर्ज यांच्या आधाराने.

विद्यानगर

विद्यानगर हे नाव उगीच पडलेले नाही. पुणे-बंगळूर रस्त्यावर, जुन्या हुबळीच्या बाहेर उणकलच्या दिशेने ही वस्ती वाढली. १९४७ मध्ये के. एल. ई. संस्थेचे भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालय इथे सुरू झाले. १९५७ मध्ये हुबळीला कर्नाटक मेडिकल कॉलेज निघाले, तेच पुढे किम्स म्हणून ओळखले गेले. तिकडे कर्नाटक विद्यापीठ १९४९ मध्ये मुंबईत स्थापन होऊन वर्षभरात धारवाडला आले. मध्यंतरी १ नोव्हेंबर १९५६ ला हा सारा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. आपल्या वाचकांना त्या तारखेचा अर्थ वेगळा सांगायला नको.

महाविद्यालये आली म्हणजे प्राध्यापक आले, कारकून आले, आणि मुख्य म्हणजे विद्यार्थी आले. सगळ्यांना पुरतील एवढी वसतिगृहे कुठल्याच शहरात नसतात. विद्यानगरात घर बांधण्याची रीत यातून ठरली. पैसे बेताचे असत. म्हणून भूखंडाच्या मागच्या कडेला आधी दोन खोल्या बांधायच्या, त्यांत स्वतः राहायचे, आणि सवडीने पुढचे घर उठवायचे. पुढचे घर झाले की मागच्या खोल्या भाड्याने द्यायच्या आणि त्या भाड्यातून कर्जाचा हप्ता भरायचा. मुले मोठी झाली की त्याच खोल्यांत थोरल्याचा संसार थाटायचा. मालक म्हातारे झाले की वरचा मजला भाड्याला देऊन औषधपाण्याची सोय लावायची. आम्ही त्याला ‘औटहौस’ म्हणत असू. एका भूखंडावर तीस वर्षांत अशी चार-पाच कुटुंबे नांदून जात आणि सरकारला त्यापायी एक पैसाही खर्च होत नसे.

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की फाटकांवर ‘मने बाडिगेगे इदे’ अशा पाट्या लागत. आमचे अण्णा चिकोडीकडून नोकरीसाठी आले, ते १९७५ च्या जूनमध्ये अशीच एक पाटी वाचून. मालकीण विधवा होत्या. आम्ही त्यांना अज्जी म्हणत असू, त्या आईला अक्का म्हणत. त्यांची कानडी आणि आमची मराठी महिन्याभरात एकमेकींत मिसळली. तेरा वर्षांत अज्जींनी तीनदा भाडे वाढवले, तेही संकोचून. संक्रांतीचे एळ्ळु-बेल्ल त्यांच्याकडून आणि तिळगूळ आमच्याकडून, असा व्यवहार.

एकच गोष्ट त्यांनी कधी केली नाही. भाड्याची पावती दिली नाही.

कायद्याची भीती

अज्जींची पावती समजून घ्यायची तर भाडे नियंत्रणाच्या कायद्याकडे वळावे लागते. दुसऱ्या महायुद्धात शहरांत गर्दी झाली, भाडी भडकली, तेव्हा भाडेकरूला संरक्षण देणारे कायदे झाले. त्यांतला मुख्य म्हणजे १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा. जे घर १ सप्टेंबर १९४० ला भाड्याने दिलेले होते, त्याचे त्या दिवशीचे भाडे हेच प्रमाण भाडे, असे त्याने ठरवले. मुंबई राज्यातला जिल्हा म्हणून धारवाडलाही त्याचा वारसा मिळाला. म्हैसूर राज्याने १९६१ मध्ये आपला स्वतःचा भाडे नियंत्रण कायदा केला. त्यात ठरावीक कारणांशिवाय भाडेकरूला काढता येत नसे. इतकेच काय, घर रिकामे झाले तर मालकाने ते नियंत्रकाला कळवायचे आणि नियंत्रक सांगेल त्याला ते भाड्याने द्यायचे, अशीही तरतूद होती.

हेतू चांगला होता. युद्धकाळात आणि फाळणीनंतर लाखो भाडेकरूंना या कायद्यांनी रस्त्यावर येण्यापासून वाचवले. पण गोठवलेले भाडे महागाईच्या दिवसांतही गोठलेलेच राहिले. मुंबईच्या कायद्यातल्या प्रमाण भाड्याच्या तरतुदी कालबाह्य आणि अवाजवी झाल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले, तोवर पन्नास वर्षे लोटली होती. महाराष्ट्राचा नवा कायदा ३१ मार्च २००० ला लागू झाला, कर्नाटकाचा १९९९ चा कायदा २००१ च्या अखेरीस. कर्नाटकाच्या नव्या कायद्याने शहराप्रमाणे महिना ३,५०० किंवा २,००० रुपयांवरची घरे नियंत्रणातून वगळली.

मुंबईत या कायद्यांची किंमत मोडकळीला आलेल्या चाळींनी मोजली. आपल्याकडे ती मोजली परसातल्या खोल्यांनी, आणि ती किंमत कुठल्या अहवालात नोंदली गेली नाही. मालकाने शिकून घेतले ते एवढेच: पावती दिली की घर गेले. म्हणून पावती द्यायची नाही. वेगळे वीजमीटर घ्यायचे नाही. करार केलाच तर अकरा महिन्यांचा, कारण वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. किंवा भाड्याऐवजी मोठी रक्कम बिनव्याजी ठेवून घ्यायची, जिला कर्नाटकात भोग्य म्हणतात. भाडेकरूचे रक्षण करायला निघालेल्या कायद्याने भाडेकरूच कागदावरून नाहीसा केला.

आमच्यापुरते त्याचे रूप होते रेशनकार्ड. हुबळीच्या पत्त्यावर रेशनकार्ड काढायचे तर राहण्याचा पुरावा हवा. पुरावा म्हणजे भाडेपावती. अण्णांनी अज्जींना एकदाच विचारले. अज्जींच्या कुणा नातेवाइकाने त्यांना आधीच बजावून ठेवले होते. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही घर सोडा असं मी कधी म्हणणार नाही. पण कागद मागू नका.’ दोघांनीही शब्द पाळला. तेरा वर्षे आमचे रेशनकार्ड चिकोडीच्या पत्त्यावर राहिले. साखर आणि रॉकेल आजोबा उचलत आणि महिन्याकाठी कुणाबरोबर तरी साखरेची पिशवी हुबळीला येई. शहरात राहणारे, शहरात कर भरणारे, शहराच्या शाळेत शिकणारे आम्ही, शहराच्या लेखी तिथे नव्हतोच.

१९८८ मध्ये अज्जी वारल्या. मुलांना जागा मोकळी हवी होती. एका स्नेह्याने अण्णांना सल्ला दिला की बसून राहा, कायदा तुमच्या बाजूने आहे, खटला दहा वर्षे चालेल. अण्णा म्हणाले, ‘त्या बाईनं शब्द पाळला. तिच्या माघारी मी कोर्टात उभा राहणार नाही.’ महिन्याभरात आम्ही खोल्या सोडल्या. मी तेव्हा बी. ए. ला होतो. अण्णांचे बरोबर होते की त्या स्नेह्याचे, हा वाद आमच्या घरात बरीच वर्षे चालला. आज मला वाटते, ज्या व्यवस्थेत माणसाला उपकार आणि खटला या दोहोंखेरीज तिसरा मार्गच नसतो, तिथे दोघेही बरोबरच असतात.

एक भूखंड, एक घर

आता सरकारी बाजू पाहू. १९६२ मध्ये हुबळी आणि धारवाड मिळून एक महानगरपालिका झाली. नगर आणि ग्राम नियोजनाचा कायदा १९६१ चा, गृहनिर्माण मंडळाचा कायदा १९६२ चा, आणि नगरविकास प्राधिकरणांचा १९८७ चा. या संस्थांनी रस्ते आखले, भूखंड पाडले, उत्पन्नगटांप्रमाणे घरे वाटली. दोन शहरांच्या मधोमध नवनगर उभे राहिले. हजारो कुटुंबांना हक्काचे घर मिळाले, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

पण लोकसंख्येचे आकडे शेजारी ठेवून पाहा. १९७१ च्या जनगणनेत या जोडशहरात सुमारे ३ लाख ७९ हजार माणसे होती. २०११ मध्ये ती सुमारे ९ लाख ४४ हजार झाली. भूखंड सोडतीने आणि प्रतीक्षायादीने मिळत. माणसे मात्र रोजच्या गाडीने येत होती. देशाचा विचार केला तर २०११ च्या जनगणनेप्रमाणे शहरांतली शेकडा सत्तावीसहून अधिक कुटुंबे भाड्याच्या घरात राहत होती. त्यांच्यासाठी भूखंडाच्या धोरणात जागा नव्हती.

नकाशा मंजूर करणाऱ्या कार्यालयाला एका भूखंडावरचे एक घर समजते. मागची खोली त्याला समजत नाही. २००४ मध्ये मी स्वतः लहानसे घर बांधले, तेव्हा नकाशा काढणारा मनुष्य म्हणाला, ‘सर, मागची खोली कोठीघर म्हणून दाखवू या. उगीच विचारणा नको.’ मी मान डोलावली. नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने ती डोलावली, हे इथे लिहून ठेवतो. त्या कोठीघरात आजवर धान्याचे पोते एकही राहिले नाही, पण सात-आठ मुले शिकून गेली. माझ्या गल्लीतले प्रत्येक दुसरे घर असेच कोठीघर बाळगून आहे.

अशी बांधकामे इतकी झाली की सरकारलाच त्यांवर तोड काढावी लागली. कर्नाटकाने ‘अक्रम-सक्रम’ योजना आणली. तिच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे १९ ऑक्टोबर २०१३ पूर्वीच्या निवासी बांधकामात निम्म्यापर्यंतचे उल्लंघन दंड भरून नियमित करता येणार होते. उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये योजना उचलून धरली, पण जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. नियम पाळणाऱ्याने मूर्ख ठरावे का, हा विरोधकांचा प्रश्न रास्त आहे. पण मला खटकते ते निराळेच. बिल्डरने दडपून चढवलेला मजला आणि पेन्शनरने परसात बांधलेली खोली या योजनेला एकाच मापाच्या दिसल्या. दोन्ही अपराध, दोन्हींवर दंड. खोलीला खिडकी आहे का, तिची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला टेकली आहे का, तिच्यातली मोरी कुठे जाते, हे महत्त्वाचे प्रश्न तसेच राहिले.

टंचाई कशाची?

२०१२ मध्ये केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञगटाने शहरी घरांची टंचाई १ कोटी ८७ लाख ८० हजार इतकी काढली. हा आकडा भाषणांत पुष्कळ येतो. त्याच्या पोटात काय आहे ते मात्र फारसे कुणी सांगत नाही. त्यातली जवळजवळ ८० टक्के टंचाई ही दाटीची आहे. म्हणजे ही कुटुंबे उघड्यावर नाहीत. त्यांना घर आहे, पण एका खोलीत दोन संसार आहेत, किंवा नव्या जोडप्याला स्वतंत्र खोली नाही. त्याच सुमारास, २०११ च्या जनगणनेत, देशातल्या शहरांत १ कोटी १० लाखांच्या घरात सदनिका रिकाम्या पडून होत्या. रिकाम्या सदनिका आणि दाटलेल्या खोल्या, दोन्ही एकाच देशात.

म्हणजे उणीव बहुतांशी एका खोलीची आहे. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत ही गोष्ट एका कोपऱ्यात ओळखलेली दिसते. असलेल्या घराला किमान ९ चौरस मीटर वाढवले, म्हणजे एक खोली किंवा खोलीसह स्वयंपाकघर-संडास जोडला, तरी अर्थसाहाय्य मिळण्याची सोय तिच्यात होती. ९ चौरस मीटर म्हणजे दहा फूट बाय दहा फुटांहून किंचित लहान. आमच्या औटहौसची बाहेरची खोली जवळपास एवढीच होती. पण लोकांच्या तोंडी राहिले ते नवे घर. खोली वाढवण्याची बातमी होत नाही आणि तिचे उद्घाटनही होत नाही.

परदेशातले लोक या प्रश्नाकडे आपल्या नंतर वळले. कॅलिफोर्नियात घराच्या मागे दुसरे लहान घर बांधू देणारा कायदा १९८२ पासून होता. पण नगरपालिकांनी गाडी लावायची जागा, शुल्क आणि मालकाने तिथेच राहण्याची अट अशी इतकी कुंपणे घातली की फारच थोडी घरे झाली. २०१७ पासून लागू झालेल्या सुधारणांनी एकेक कुंपण काढले. पुढे तर ठरलेल्या नियमांत बसणारा अर्ज साठ दिवसांत निकालात काढण्याचे बंधन नगरपालिकांवर आले. अलीकडे त्या राज्यात मंजूर होणाऱ्या नव्या घरांपैकी साधारण पाचांत एक असे परसातले असते. कॅनडात व्हँकुव्हरने २००९ मध्ये मागच्या बोळाकडे तोंड असलेल्या लहान घरांना परवानगी दिली. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्सने त्याच वर्षी ६० चौरस मीटरपर्यंतच्या ‘ग्रॅनी फ्लॅट’ना वाट मोकळी केली. ग्रॅनी म्हणजे आजी. आमच्या अज्जी हसल्या असत्या.

या उदाहरणांतून घेण्यासारखी गोष्ट एक आहे. नुसती परवानगी देऊन खोल्या होत नाहीत. परवानगीला जोडलेल्या अटी मध्यमवर्गाच्या खिशाला आणि वेळेला पेलतील अशा असाव्या लागतात.

दुसरी बाजू

या खोल्यांचे मी गोडवेच गातो आहे असे वाटू नये म्हणून त्यांचे दोषही सांगतो. पहिला दोष पाण्याचा. हुबळीला मलप्रभेचे पाणी. २००८ च्या सुमारास जोडशहराच्या काही प्रभागांत चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग झाला आणि तो यशस्वी ठरला. पण उरलेल्या शहराला आठवड्याने येणारे पाणी कित्येक वर्षे अंगवळणी पडले होते. पाणी येई त्या दिवशी आधी मालकांच्या टाक्या आणि मग आमच्या घागरी. एका नळावर दोन कुटुंबे असतील तर धोरणाने नळाचाही विचार करायला हवा.

दुसरा दोष अधिक खोल आहे. खोली खासगी, म्हणून फाटकही खासगी. ‘आपल्यातले आहात का?’ हा प्रश्न विद्यानगरातही विचारला जाई आणि आजही विचारला जातो. मराठी म्हणून आम्हाला कुणी नाकारले नाही, पण माझ्या वर्गातल्या एका हुशार दलित मुलाला चार फाटकांवरून परत फिरावे लागले, हे मी जाणतो. मुस्लिम मुलांचे अनुभव याहून वेगळे नाहीत. सरकारी वसतिगृह किंवा भाड्याने देण्याची सरकारी घरे यांची गरज इथे लागते. परसातली खोली त्यांची जागा घेऊ शकत नाही.

तिसरा दोष नव्या काळाचा. अलीकडे विद्यानगरात जुनी घरे पाडून त्याच भूखंडावर चार मजले उठतात आणि एका खोलीत चार खाटा घालून ‘पीजी’ चालतात. ती भाड्याची सोय खरी, पण मालक तिथे राहत नाही. २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा पोरे रातोरात गावी गेली. त्यांची पुस्तके ज्या घरांनी सांभाळून ठेवली, ती बहुतेक मालक मागे-पुढे राहत असलेली घरे होती.

तेव्हा करावे काय? माझ्या अल्प बुद्धीला सुचते ते असे. महानगरपालिकेने प्रत्येक भूखंडावर मुख्य घराखेरीज एक लहान खोली, ठरावीक मापाची, उघडपणे मान्य करावी. तिला खिडकी, संडास आणि आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट असली पाहिजे, एवढ्याच अटी घालाव्यात आणि त्या नीट तपासाव्यात. नमुन्याचे नकाशे कार्यालयात लावून ठेवावेत. अर्जाचा निकाल मुदतीत द्यावा. भाड्याची नोंद साध्या कागदावर व्हावी आणि ती नोंद मालकाला घर गमावण्याची भीती न घालता भाडेकरूला पत्ता देणारी असावी. २०२१ च्या केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यात लेखी करार, दोन महिन्यांपुरती अनामत आणि भाडे प्राधिकरण या गोष्टी आहेत. राज्ये त्या आपापल्या सोयीने घेऊ शकतात. घरपट्टीत अशा खोलीला दंड न लावता थोडी सूट दिली, तर कोठीघरे आपोआप उजेडात येतील.

पावती

कानडीत एक म्हण आहे, ‘हित्तल गिड मद्दल्ला’. परसातले झाड औषधाला चालत नाही, असा तिचा अर्थ. हाताशी असलेल्या गोष्टीची किंमत आपल्याला नसते. मराठीत आपण पिकते तिथे विकत नाही म्हणतो. घरांच्या बाबतीत आपण नेमके हेच केले आहे.

या वर्षी जूनमध्ये माझ्या कोठीघरात खानापूरकडचे एक नवे जोडपे राहायला आले. ती इस्पितळात परिचारिका आहे, तो दुकानात हिशेब लिहितो. दिवाळीच्या आधी तो संकोचत दारात उभा राहिला. गॅसजोडणीसाठी पत्त्याचा पुरावा हवा होता. ‘सर, कागद दिला नाहीत तरी चालेल, आम्ही स्टोव्हवर भागवू,’ असे तो आपणहून म्हणाला. मी त्याला बसायला सांगितले. माझ्या मंजूर नकाशात ती खोली नाही, हे मला ठाऊक होते. पावती लिहिणे म्हणजे ते स्वतःच्या सहीने कबूल करणे.

बाजारातून आणलेल्या नव्या पावतीपुस्तकाचे पहिले पान मी उघडले. त्याचे नाव लिहिले, रक्कम लिहिली. ‘जागेचे वर्णन’ या रकान्याशी लेखणी थोडी थांबली. मग लिहिले: घराच्या मागील बाजूची राहण्याची खोली, एक. खाली सही केली आणि पान फाडून त्याच्या हातात दिले.